उरलेल्या अकरा गोळ्या

गोळ्यांच्या एका पानावर चौदा खड्डे.
देताना मी दर वेळी तेच बोलते,
हगवण थांबली तरी गोळी थांबवायची नाही.
शिवकन्येनं मान हलवली.
मान हलवायला पैसे पडत नाहीत.

प्रांजल तेव्हा अकरा महिन्यांची.
पहाटेपासून नऊ वेळा.
धडपे संपले म्हणून अयोध्याबाईंनी
स्वतःचं लुगडं फाडायला घेतलं होतं.
ओठ कोरडे, डोळे आत.
पोटाची चिमट सोडली
तर कातडी जागेवर यायला वेळ लावत होती,
माणूस उठून गेल्यावर
गादी हळूहळू फुगते तशी.

"दात यायलेत, म्हणून," अयोध्याबाई म्हणाल्या.
मी वाद घातला नाही.
लग्नातून आणलेली लिटरची बाटली धुतली,
उकळून निवलेलं पाणी गळ्यापर्यंत भरलं,
अख्खी पुडी त्यात.
अर्धी नाही, चिमूटभर नाही. अख्खी.
शिवकन्येनं बोट बुडवून चाखलं,
म्हणाली, "रडल्यावर ओठाला लागतं तसंच लागायलंय."
चमच्या-चमच्यानं दुपार गेली.
उलटी झाली की दहा मिनिटं थांबायचं,
पुन्हा चमचा.
मग चमच्यात तिनं अंगावरचं दूध पिळलं,
मी गोळी सोडली.
गोळी आधी कडेनं सुटते,
मग पावसात मातीची भिंत बसते
तशी मधोमध बसते.

दिवेलागणीला लेकरू मुतलं.
आम्ही तिघी त्या ओल्या धडप्याकडं
सोनं सापडल्यागत बघत बसलो.

तिसऱ्या दिवशी हगवण थांबली.
दीड महिन्यानं पुन्हा निरोप आला.

"त्या उरलेल्या अकरा गोळ्यांचं काय केलंस?"
शिवकन्या दावणीकडं बघायला लागली.
मीही बघितलं.
"करडू हागायलं होतं, ताई.
भाकरीच्या कुसकऱ्यात चुरून घातल्या.
प्रांजल तर बरीच झाली होती ना."
करडू मेलं नाही, एवढं खरं.
खुंट्याभोवती उड्या मारत होतं.
मी हसले, मग मला राग आला,
मग रजिस्टर उघडलं.
रजिस्टरात करडाला रकाना नाही.

माझं नाव सत्यभामा.
गाव मला आशाबाईच म्हणतं.
जस्त हा शब्द मला सेलूच्या ट्रेनिंगला कळला,
म्हणजे आधीपासून माहीत होता, पण बादलीसाठी.
तेच शिवकन्येला सांगितलं.
न्हाणीतली ती बादली तुझ्या लग्नाच्या आधीची,
अजून गंजली नाही, कशामुळं?
अन् शेजारचा डबा?
ती विचार करून म्हणाली,
"म्हणजे लेकराला आतून पत्रा मारायचा?"
डॉक्टरांनी ऐकलं असतं तर कपाळाला हात लावला असता.
मी म्हणलं, "हो. अन् एका हातात पत्रा निघत नाही.
चौदा हात."

ओसरीत सरकी पडलेली होती.
चौदा दाणे मोजून वाटीत टाकले.
रोज गोळी दिली की एक दाणा शेळीपुढं.
शेळीही खूश, हिशेबही पक्का.

चौदाव्या दिवशी मी मुद्दाम संध्याकाळी गेले.
पान रिकामं, सगळे खड्डे फुटलेले.
वाटीत मात्र एक दाणा.
"एक दिवस चुकला?"
"चुकला नाही.
काल अत्याबाईनं न सांगता एक जास्तीचा टाकला वाटीत.
म्हणल्या, दिस मोजताना
एक हाताशी असावा."

अयोध्याबाई आत भाकरी थापत होत्या.
ऐकलं नाही असं दाखवून
जोरानं थापत होत्या.
त्यांच्या पोटची किती गेली
हे गावात कुणी मोजलेलं नाही,
अन् मीही कधी विचारलेलं नाही.

प्रांजल वाटीकडं रांगत आली.
तिनं तोंडात घालायच्या आत
मी तो दाणा उचलला.
रजिस्टरात टीक केली.
दाणा अजून पर्सच्या चोरकप्प्यात आहे,
सुट्या पैशांत लागतो मधूनच हाताला.